एकाच मोटारीची दोन बिले

एकोणिसाव्या शतकात पनवेल हे गाव बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. बोरघाट उतरून आलेला घाटावरचा गाडीवान माल उतरवून परतताना पनवेलच्या सुतारांकडून चाकांची नवी जोडी घेऊन जाई, अशी नोंद जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात आढळते. हा गाडीवान बहुधा निरक्षर असे. पण चाकाची पारख त्याला होती. लाकूड कोणते, ते पुरेसे वाळले आहे की नाही, आरे तुंब्यात घट्ट बसले आहेत की नाहीत, लोखंडी धाव नीट चढविली आहे की नाही, हे तो स्वतः पाहून आणि ठोकून घेई. एका सुताराने भाव चढा सांगितला, तर तो शेजारच्या सुताराकडे जाई. पाठ्यपुस्तकात ज्याला स्पर्धेची बाजारपेठ म्हणतात, तिच्या दोन प्रमुख अटी तेथे बऱ्याच अंशी पुऱ्या होत होत्या. विक्रेते अनेक होते, आणि ग्राहकाला वस्तू कळत होती.

आजचे पनवेलही चाकांवरच चालते. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग कळंबोलीपाशी सुरू होतो, कोकणातून गोव्याकडे व पुढे कन्याकुमारीपर्यंत जाणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पनवेलहूनच निघतो, आणि 'एमएच ४६' या क्रमांकमालिकेची वाहने येथल्याच परिवहन कार्यालयात नोंदविली जातात. २०१६ साली महानगरपालिका झालेल्या या शहरात खारघर, कामोठे, नवीन पनवेल येथील वसाहतींत राहणारा शिक्षक किंवा कारकून हप्त्याने का होईना, पण लहानशी मोटार बाळगू लागला आहे. मोटार घेताना त्याने चार ठिकाणी चौकशी केलेली असते, हप्त्यांचे कोष्टक मांडलेले असते. मात्र मोटार घरी आल्यानंतर दरवर्षी तिच्या सर्व्हिसिंगसाठी जे पैसे जातात, त्यांचा असा हिशेब त्याला सहसा मांडता येत नाही. एकाच कंपनीच्या दोन अधिकृत विक्रेत्यांकडे, एकाच मॉडेलच्या, सारख्याच किलोमीटर चाललेल्या दोन मोटारींची बिले इतकी वेगळी का येतात, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्याला कोणी देत नाही. विक्रेते येथेही अनेक आहेत. परंतु गाडीवानाजवळ असलेली पारख या ग्राहकाजवळ नाही.

फरक कोठे पडतो?

समजुतीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांजवळ एकाच कंपनीची, एकाच वर्षी घेतलेली लहान पेट्रोल मोटार आहे. दोघांच्याही मोफत सर्व्हिसिंगची मुदत संपली आहे. (येथे 'मोफत' हा शब्दही जपूनच वाचावयास हवा. या काळात माफ असते ती मजुरी. तेल आणि फिल्टर यांचे पैसे ग्राहकालाच द्यावे लागतात.) एकाने पनवेलजवळच्या विक्रेत्याकडे मोटार दिली आणि दुसऱ्याने कचेरीच्या वाटेवर सोयीचे म्हणून तुर्भ्याकडच्या विक्रेत्याकडे दिली. पहिल्याचे बिल करांसह ४,९०० रुपये आले, दुसऱ्याचे ८,००० रुपये. दुसऱ्याचा समज असा होणार, की तुर्भ्याचा विक्रेता महाग आहे.

बिले शेजारी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे चित्र वेगळे दिसू लागते. इंजिन तेल, तेलाचा फिल्टर, हवेचा फिल्टर व किरकोळ भाग यांचे दोन्हीकडे २,४०० रुपयेच लागले आहेत. यात आश्चर्य नाही. कंपनीच्या सुट्या भागांच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि ती देशभर एकच असते. मजुरी एकाकडे १,६०० रुपये आणि दुसऱ्याकडे २,१०० रुपये आहे. म्हणजे फरक ५०० रुपयांचा. उरलेला २,६०० रुपयांचा फरक बिलाच्या तिसऱ्या भागात आहे. पहिल्या बिलात चाकांचे अलाइनमेंट व बॅलन्सिंग यांचे ९०० रुपये आहेत. दुसऱ्या बिलात ते तर आहेतच, शिवाय थ्रॉटल बॉडी साफ केल्याचे ८००, वातानुकूलन यंत्रणा जंतुविरहित केल्याचे १,२०० आणि पॉलिशचे ६०० रुपये आहेत. ३,१०० रुपयांच्या एकूण फरकापैकी २,६०० रुपये असे ज्या कामांचे आहेत, त्यांचा दर आधी विचारण्याचे कोणाला सुचलेही नव्हते.

आकडे काल्पनिक असले, तरी बिलाची ही रचना मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. भाग, मजुरी आणि 'सुचविलेली कामे' असे तिचे तीन घटक असतात. पहिल्या घटकाची किंमत छापील असते. दुसऱ्याची दूरध्वनीवर विचारली तरी कळते. तिसरा घटक मोटार सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर, बहुधा ती लिफ्टवर चढल्यावर, ठरतो. म्हणूनच "सर्व्हिसिंगला किती पडतील?" या प्रश्नाला दोन विक्रेत्यांकडून मिळणारी उत्तरे जवळजवळ सारखी असतात, आणि बिले मात्र सारखी नसतात. ग्राहक दरांची तुलना करतो. पैसे जातात ते निर्णयामुळे, आणि तो निर्णय त्याच्या वतीने दुसराच कोणी घेत असतो.

माहितीची किंमत

हा प्रश्न अर्थशास्त्राला नवा नाही. शिकागोचे प्राध्यापक जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ साली माहितीच्या अर्थशास्त्रावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात त्यांनी मोटारीचेच उदाहरण घेतले होते. एकाच शहरातील विक्रेत्यांनी एकाच मॉडेलच्या शेव्हरोले मोटारीचे सांगितलेले भाव २,३५० डॉलरपासून २,५१५ डॉलरपर्यंत पसरलेले होते. वस्तू एकच असताना भाव वेगळे राहतात, कारण ते शोधून काढण्यास वेळ व पैसा लागतो. शोधाने होणारी बचत शोधाच्या खर्चाइतकी झाली, की शहाणा ग्राहक शोध थांबवितो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पनवेलच्या शिक्षकाला दुसरा विक्रेता गाठण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा आणि येण्याजाण्याचे पेट्रोल खर्चावे लागणार असेल, तर पाचशे रुपयांच्या मजुरीसाठी तो हा खटाटोप करणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही.

पण सर्व्हिसिंगची गुंतागुंत एवढ्यावर संपत नाही. नव्या मोटारीचा भाव शोधून तरी काढता येतो. सुचविलेले काम खरोखर आवश्यक होते काय, हे मात्र काम झाल्यानंतरही ग्राहकाला कळत नाही. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर मोटार सुरळीत चालली, तर ती न करताही तशीच चालली असती किंवा नाही, हे सांगणार कोण? मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सेवांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला. ज्यांचा दर्जा वापरून पाहिल्यावरही समजत नाही, ज्यांच्या बाबतीत विश्वासच ठेवावा लागतो, अशा या सेवा होत. डॉक्टराचा सल्ला या वर्गात येतो, तशीच दुरुस्तीही येते. कारण उघड आहे. दोष काय आहे हे सांगणारा आणि तो दूर करून पैसे घेणारा, हे दोघे येथे एकच असतात.

विक्रेत्याची बाजू

याचा अर्थ विक्रेते लबाड असतात असा कोणी काढल्यास तो अन्याय ठरेल. महामार्गालगतच्या जागेचे भाडे, प्रशिक्षित तंत्रज्ञांचे पगार, महागडी यंत्रसामग्री यांचा भार त्यांच्यावर असतो. नव्या मोटारीच्या विक्रीवर सुटणारा नफा स्पर्धेमुळे पातळ झालेला असतो. साहजिकच विक्रीच्या दालनातली तूट सर्व्हिस सेंटरच्या उत्पन्नातून भरून काढण्याकडे कल होतो. ग्राहकाशी बोलणारा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हा पगारदार माणूसच असतो, आणि त्याच्या डोक्यावर महिन्याच्या उत्पन्नाचे उद्दिष्ट ठेवलेले असले, म्हणजे 'करून घेतलेले बरे' अशा कामांची यादी लांबणारच. हा व्यक्तीच्या सचोटीपेक्षा व्यवस्थेने लावलेल्या प्रलोभनाचा प्रश्न आहे.

शिवाय सुचविलेले प्रत्येक काम अनावश्यक असते असेही नाही. पनवेलचा पावसाळा, खाडीकडून येणारी दमट व खारी हवा, साचलेले पाणी यांमुळे पत्र्याला गंज लवकर धरतो. वातानुकूलन यंत्रणेचा फिल्टर कोंदतो. इमारतीखाली उभ्या मोटारीच्या तारा उंदीर कुरतडतात. गंजरोधक लेपाचा सल्ला कोरड्या मुलखात फाजील ठरेल. येथे तो कदाचित योग्यही असेल. उलट, कमी रकमेचे बिल म्हणजे चांगली सेवा असेही समजण्याचे कारण नाही. न बदललेला फिल्टर बदलल्याचे लिहिणे हे बदललेल्या फिल्टरचे जादा पैसे घेण्याहून वाईट. तात्पर्य, केवळ शेवटच्या रकमेवरून दोन विक्रेत्यांची तुलना केली, तर प्रामाणिकपणे काम करणारा महाग आणि कामचुकार स्वस्त ठरण्याचा धोका आहे. बाजारात पारख नसली म्हणजे नुकसान एकट्या ग्राहकाचे होत नाही. चोख काम करणाऱ्या तंत्रज्ञाला त्याच्या चोखपणाचे मोल मिळत नाही, हीही त्याचीच दुसरी बाजू होय.

स्पर्धा आहे, पण कोणाशी?

अशा वेळी स्पर्धेनेच मार्ग काढावा, अशी अपेक्षा असते. परंतु एकाच कंपनीचे दोन विक्रेते खऱ्या अर्थाने प्रतिस्पर्धी असतात काय? या दृष्टीने भारतीय स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट २०२१ मधील एक निर्णय बोलका आहे. महाराष्ट्रातील विक्रेत्यांना ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देऊ दिली जात नाही, अशी निनावी तक्रार एका विक्रेत्याच्याच नावे आयोगाकडे आली. चौकशीअंती आयोगाने मारुती सुझुकी कंपनीला २०० कोटी रुपये दंड ठोठावला. खोटे ग्राहक पाठवून कोणता विक्रेता जादा सूट देतो याचा माग काढला जात होता आणि अशा विक्रेत्याला दंड केला जात होता, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपनीने या निर्णयाविरुद्ध अपील केले. प्रकरण नव्या मोटारींच्या विक्रीचे होते, सर्व्हिसिंगचे नव्हे. पण एकाच छत्राखालच्या विक्रेत्यांत भावाची चढाओढ असेलच, असे गृहीत धरता येत नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

मग दुसरी स्पर्धा उरते ती रस्त्याकडेच्या गॅरेजची. प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसडर यांच्या काळात मोटारीच्या दुरुस्तीचे ज्ञान सार्वजनिक होते. पळस्पे फाट्यावरच्या मिस्त्रीला इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगता येई, आणि सुटे भाग मुंबईच्या बाजारात कोणालाही मिळत. आजच्या मोटारीचा दोष संगणक सांगतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे उत्सर्जन मानक लागू झाल्यापासून तर इंजिनातील संवेदक व नियंत्रक यांचे जाळे अधिकच दाट झाले आहे. त्या संगणकाशी बोलणारे उपकरण आणि त्याची आज्ञावली कंपनीच्या ताब्यात असते. त्यातच 'बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल' ही भीती ग्राहकाच्या मनात पक्की बसलेली असते. मिस्त्री कुशल असूनही या दोन भिंतींमुळे बाजाराबाहेर पडतो.

या भिंती पाडण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. एका ग्राहकाने २०११ साली केलेल्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने दीर्घ चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना एकंदर सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. आपापल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारात प्रत्येक कंपनीचे वर्चस्व असून तिने त्याचा गैरवापर केला, असे आयोगाचे म्हणणे होते. दंडाच्या रकमेने वर्तमानपत्रांचे मथळे व्यापले. परंतु सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे होते ते आदेशातील निर्देश. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करावीत. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने संपूर्ण वॉरंटी रद्द करू नये, सदोष दुरुस्तीमुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. आणि भागांच्या किमती, देखभालीचा खर्च व वॉरंटीच्या अटी संकेतस्थळावर जाहीर कराव्यात, असे आयोगाने सांगितले होते.

दंडाचा वाद अपिलात आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे लांबला. दरम्यान काही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मॉडेल आणि किलोमीटर सांगितले, की सर्व्हिसिंगचा अंदाजी खर्च दिसू लागला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि हा अंदाज ठरावीक कामांचा असतो. बिलातला जो तिसरा घटक खरा फरक पाडतो, त्याविषयी तो मौन पाळतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश आहे. मात्र माहिती एका जागी मांडणे निराळे आणि ती देण्याचे कायदेशीर बंधन घालणे निराळे.

काय करता येईल?

कॅलिफोर्निया राज्याने १९७१ साली मोटार दुरुस्तीचा स्वतंत्र कायदा केला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी खास कार्यालय उभारले. त्याची तत्त्वे साधी आहेत. काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाज द्यावा. त्यापलीकडचे काम ग्राहकाच्या संमतीवाचून करू नये. ग्राहकाने मागितल्यास बदललेले जुने भाग त्याला परत करावेत. या तिन्ही अटींमुळे दर कमी होत नाहीत. पण निर्णयाचा अधिकार ग्राहकाकडे परत येतो. महाराष्ट्रात असा कायदा करण्यास मोठा खर्च नाही आणि परकीय तज्ज्ञांचीही गरज नाही. अधिकृत विक्रेत्यांच्या बिलाचा एकच नमुना ठरवून त्यात 'कंपनीच्या वेळापत्रकानुसार' आणि 'विक्रेत्याने सुचविलेली' अशी कामांची दोन वेगळी सदरे केली, तरी अर्धे काम होईल.

छापील किमतीचा उपयोग किती असतो, याचा प्रत्यय नुकताच आला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ही सवलत आपल्यापर्यंत पोहोचली किंवा नाही, हे ग्राहक भागाच्या किमतीवरून पडताळू शकतो. मजुरीवरचा कर आधीपासूनच १८ टक्के होता. आणि ती किती असावी हे कोठेही छापलेले नसल्याने तिची पडताळणी करता येत नाही.

कायदा होईपर्यंत ग्राहकाने हात बांधून बसण्याचे कारण नाही. मोटारीबरोबर मिळणारी मालकासाठीची पुस्तिका बहुतेकांच्या कप्प्यात न उघडता पडून असते. कोणत्या किलोमीटरला काय बदलावयाचे आणि काय नुसते तपासावयाचे, हे तीत कंपनीनेच लिहिलेले असते. जॉब कार्डावर सही करण्यापूर्वी ती पुस्तिका उघडून, तीत नसलेल्या प्रत्येक कामाचे कारण विचारणे हा ग्राहकाचा अधिकार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे ही सेवेतील त्रुटी मानली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराबाबत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यास शुल्क पडत नाही.

तथापि एकट्या ग्राहकाचा शोध नेहमीच महाग पडतो, हे स्टिगलर यांच्या विवेचनातून निघणारे अनुमान विसरता येत नाही. तो खर्च वाटून घेणे हाच त्यावर उपाय. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदीची जी पद्धत रुजविली, तिचे मर्म हेच होते. कामोठ्याच्या किंवा खारघरच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेत एकाच मॉडेलच्या दहा-बारा मोटारी सहज सापडतात. त्यांच्या मालकांनी आपली बिले एकत्र करून किलोमीटर, भाग, मजुरी आणि सुचविलेली कामे अशा चार रकान्यांचा तक्ता संस्थेच्या फळ्यावर लावला, तर अर्ध्या दिवसाची रजा न घेताही प्रत्येकाला तुलना करता येईल. कोणता विक्रेता वेळापत्रकाबाहेरची कामे वारंवार सुचवितो, कोणता ती का हवीत हे समजावून सांगतो आणि कोणाकडे काम झाल्यावर पुन्हा खेटे घालावे लागत नाहीत, हे वर्षभरात दिसून येईल. चांगल्या विक्रेत्यालाही असा तक्ता हवाच असेल. कारण आज त्याच्या चोख कामाची साक्ष देणारे दुसरे काहीच नाही.

मोटारीच्या पोटातले यंत्र प्रत्येकाला समजणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण बिल समजणे शक्य आहे. पनवेलच्या सुतारासमोर उभा राहून आरे ठोकून पाहणाऱ्या त्या गाडीवानाला जेवढे चाक कळत होते, तेवढे तरी बिल आजच्या सुशिक्षित ग्राहकाला कळावे, इतकीच ही मागणी आहे.